गाडी तुझी, रस्ता कंपनीचा

प्रिय पोरी,

काल रात्री तुझं ऑफर लेटर तीनदा वाचलं. कारखान्यांना पंप विकायचं काम, हुद्दा चांगला आहे, कोल्हापूर हेडक्वार्टर मिळतंय, म्हणजे घरचं जेवण सुटत नाही. तू फोनवर खूश होतीस आणि असायलाच हवीस. पण दुसऱ्या पानावर तळाशी एक ओळ आहे: स्वतःची चारचाकी आवश्यक, वाहनभत्ता दरमहा १५,००० रुपये, सर्व खर्च समाविष्ट. "काका, वर गाडीचे पंधरा हजारही देतायत," असं तू म्हणालीस. त्या "वर" या शब्दासाठी हे पत्र लिहितोय. फोनवर आकडे नीट बोलता येत नाहीत, आणि शुक्रवारी तुला त्यांना उत्तर द्यायचंय.

आधी तिसऱ्या पानावरचा सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाचा, तक्ता काढ. ते पंधरा हजार त्या तक्त्यात धरलेले आहेत. वर्षाचे १,८०,००० रुपये, जे तू पगार म्हणून मोजतेयस, ते पेट्रोल पंपावर जाणार आहेत. आताच्या नोकरीत तू कारखान्यातच बसतेस, जायला-यायला स्कूटर आहे. दोन नोकऱ्यांची तुलना करताना नव्या आकड्यातून आधी हे १.८० लाख वजा कर आणि मग किती वाढ उरते ते बघ. वाढ उरते, मी बघितलं. पण तुला वाटतेय तेवढी नाही.

आता रस्ता बघू. तुला कोल्हापूर, सांगली, सातारा आणि रत्नागिरी असे चार जिल्हे दिलेत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती घराजवळ, त्याची काळजी नाही. सांगली-कुपवाड एका बाजूला ५० किलोमीटर, सातारा १२०, आंबा घाट उतरून रत्नागिरी १३०. चिपळूणजवळच्या लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत जायचं तर कऱ्हाडवरून कुंभार्ली घाट. आठवड्याला दोनदा सांगली, पंधरा दिवसांतून एकदा सातारा आणि महिन्यातून दोन वेळा कोकण, एवढं धरलं तरी सतराशे-अठराशे किलोमीटर होतात. त्यात गावातलं फिरणं मिळव. मी २,००० धरतो. आणि पंप विकायचे म्हणजे साखर कारखाने आलेच. गाळप संपलं की ओव्हरहॉलिंगची कामं निघतात, उन्हाळ्यात रनिंग ३,००० वर जातं. ठोक भत्ता मात्र मे महिन्यातही तेवढाच असतो.

हे माझे अंदाज आहेत. खरा आकडा तुला त्या भागातल्या डीलरकडून मिळेल. तुझ्याआधी जो माणूस हा भाग बघायचा त्याचं महिन्याचं रनिंग किती होतं, आणि तो का सोडून गेला, हे दोन्ही विचार. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात बऱ्याचदा पहिल्याचं उत्तर असतं.

आता कागद घे. गाडी ऑन रोड ९ लाखांची धर, पेट्रोलवर चालणारी. एसी आणि घाट धरून ॲव्हरेज १५. पेट्रोल लिटरला १०५ धरलं तर किलोमीटरला ७ रुपये. सर्व्हिसिंगला १ रुपया. चार टायर २४,००० रुपयांचे, ४०,००० किलोमीटर चालले तर ६० पैसे. म्हणजे गाडी हलली की किलोमीटरला ८ रुपये ६० पैसे जातात. २,००० किलोमीटरला १७,२००. त्यांचे पंधरा हजार इथंच संपले, आणि अजून गाडीची किंमत, विमा, व्याज यातलं काहीच आलेलं नाही.

गाडी दारात उभी असली तरी होणारा खर्च वेगळा. विमा वर्षाला ३०,००० म्हणजे महिन्याला २,५००. घसारा: ९ लाखांची गाडी पाच वर्षांनी, दीड लाख किलोमीटर पळाल्यावर ३.६० लाखांना गेली असं धर, ५.४० लाख गेले, महिन्याला ९,०००. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलंस तर व्याज जवळजवळ १.९६ लाख, महिन्याला ३,२७०. बेरीज १४,७७०. गाडी तू घरच्या कामालाही वापरशील, महिन्याला ५०० किलोमीटर. ते तुझं. म्हणून या खर्चाचा ८० टक्के भाग कंपनीचा, ११,८००.

१७,२०० आणि ११,८०० मिळून २९,०००. किलोमीटरला साडेचौदा. कंपनी देतेय १५,०००. राहिलेले चौदा हजार दरमहा तू भरणार, आणि तेही तुला लगेच कळणार नाही, कारण घसाऱ्याचं बिल कुणी महिन्याला पाठवत नाही.

मला ते कळायला तीन वर्षं लागली. १९९९ साली मी जुनी मारुती ८०० घेतली आणि कंपनीनं ठरलेली रक्कम सुरू केली. पेट्रोल भरून महिन्याला थोडे पैसे उरायचे. मला वाटायचं, गाडी फुकटात पडली. मित्रांना चहा पाजायचो त्या पैशांतून. तिसऱ्या वर्षी इंजिनाचं काम निघालं, त्याच महिन्यात टायर, आणि मी एफडी मोडली. साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, गाडी तुमची आहे, आम्ही काय करणार? बोलले ते रागानं नव्हे, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मीच पहिल्या दिवशी हिशेब मांडला नव्हता, तर त्यांनी कुठून मांडावा? पण गाडी विकली त्या दिवशी हातात आलेली रक्कम बघून मला जे वाटलं ते तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

हे ठरवताना पंधराचे वीस करून मागू नकोस. वीस म्हटलं की ते सतरा म्हणतात, मधे कुठंतरी गाडी थांबते आणि दोघंही खूश होतात, पण हिशेब कुणीच केलेला नसतो. रक्कम मागण्याऐवजी रचना माग: महिन्याला ठरावीक १२,००० आणि त्यावर लॉगबुकप्रमाणे किलोमीटरला ८ रुपये ६० पैसे. उन्हाळ्यात रनिंग वाढलं तर पैसे वाढतील, पावसात घाट बंद पडले तर कंपनीचे वाचतील. कुणालाही जास्तीचं काही मिळत नाही. पेट्रोलचं कलमही घाल. १५ च्या ॲव्हरेजला लिटरमागे १ रुपया वाढला की किलोमीटरला साधारण ७ पैसे वाढतात. दर तीन महिन्यांनी त्याप्रमाणे दर बदलावा, वर आणि खालीही. "खालीही" हा शब्द आपणहून घालायचा, त्यानं समोरच्याचा विश्वास बसतो.

एक चूक हमखास होते. "साहेब, गाडीचा हप्ताच १६,६०० येतोय," असं म्हणू नकोस. अनुभवी माणूस लगेच म्हणेल की हप्त्यातलं मुद्दल फेडून गाडी तुझ्याच नावावर होते. आणि ते बरोबर आहे. हप्ता वेगळा, खर्च वेगळा. आपण व्याज आणि घसारा धरलाय, मुद्दल धरलेलं नाही, म्हणून आपला कागद टिकतो. त्यांनी साडेचौदा जास्त म्हटलं तर तुझ्या हाताशी एक गोष्ट असू दे: केंद्र सरकारनं सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली प्रवासभत्त्याचे जे दर काढले, त्यात परिवहन खात्याचा दर ठरलेला नसेल तिथं स्वतःच्या मोटारीला किलोमीटरला २४ रुपये धरले होते. ते मागायचं नाही. आपला आकडा त्याहून किती खाली आहे, एवढंच दाखवायचं.

टोलचं वेगळं लिहून घे. साताऱ्याला जाताना किणी आणि तासवडे लागतात, पुण्याला मीटिंगला बोलावलं की पुढचे नाके. "सर्व खर्च समाविष्ट" मध्ये तेही आले. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना फास्टॅगचा वार्षिक पास मिळतो, सुरू झाला तेव्हा ३,००० रुपये होता, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धीवर नाही. कंपनीनं हा पास भरावा असं सुचव, तेवढीच व्हाउचरं कमी.

आता विम्याबद्दल. हे जरा सावकाश वाच.

खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा म्हणून एक परिच्छेद असतो, तो कुणी वाचत नाही. भाड्यानं वापरणं त्यात वगळलेलं असतं आणि मालवाहतूकही. नमुने आणि स्वतःचं सामान चालतं. आपल्या धंद्यात काय होतं तुला माहीत आहे. ऐन गाळपात पंप बंद पडतो, चीफ इंजिनियरचा फोन येतो, आणि सेल्सचा माणूस इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, डिकीत टाकून निघतो. २००३ साली मी असाच राधानगरी रस्त्यानं निघालो होतो. रात्रीची वेळ, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. मला फारसं लागलं नाही. गाडीचा पुढचा भाग गेला. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्यानं डिकी उघडली, इम्पेलर, शाफ्ट आणि डिलिव्हरी चलन बघितलं, आणि माझा क्लेम नामंजूर झाला. माझी कंपनी म्हणाली, वैयक्तिक गाडी, वैयक्तिक विमा. ज्या इम्पेलरसाठी मी रात्री निघालो तो कंपनीचा होता, गिऱ्हाईक कंपनीचं होतं, आणि दुरुस्तीचं बिल माझं होतं.

म्हणून दोन गोष्टी लेखी घे. स्पेअर पार्ट तुझ्या गाडीतून जाणार नाहीत, कंपनी ट्रान्सपोर्टनं किंवा टेम्पोनं पाठवेल. आणि कामावर असताना अपघात झाला तर विम्यातून न मिळालेली रक्कम आणि बुडालेला नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) कंपनी भरून देईल. दुसरी मान्य करायला ते खळखळ करतील. पहिलीवर मात्र तू हटू नकोस.

आणि राहण्याचं. एचआरला वाटेल हा वेगळा विषय आहे, मला वाटत नाही. तुझ्या पत्रात आउटस्टेशन मुक्कामाची मर्यादा इतकी कमी आहे की चिपळूणला बऱ्या हॉटेलात तेवढ्यात खोली मिळणार नाही. मग माणूस काय करतो? काम संपवून रात्री घाट चढून परत येतो. मी वर्षानुवर्षं तेच केलं, कुंभार्लीत धुकं असताना काच खाली करून रस्त्याची कड बघत. तू ते करायचं नाहीस. संध्याकाळनंतर घाटातून परतायची वेळ आली तर मुक्काम करायचा आणि प्रत्यक्ष बिल मिळायचं, हे तिथं लिहिलेलं हवं. भत्त्यात हजार रुपये कमी झाले तरी चालतील, पण याबाबत तडजोड नको.

कराचं थोडक्यात. कामावरच्या खर्चाचा पुरावा नसलेला ठोक भत्ता हे उत्पन्न, आणि कंपनीच्या कामासाठी झालेल्या खर्चाची लॉगबुक आणि बिलांवर झालेली भरपाई हे उत्पन्न नव्हे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला १२.७५ लाखांपर्यंत कर लागत नाही, त्यामुळे आज तुला फरक पडणार नाही. दोन बढत्यांनंतर पडेल, आणि तेव्हा रचना बदलून घेणं अवघड जातं. लॉगबुक पहिल्या दिवसापासून ठेव: तारीख, कुठून कुठं, कुणाला भेटलीस, मीटरचं रीडिंग. रोज दोन मिनिटं.

बोलायचं कुणाशी? एचआरची मुलगी भली असेल, पण तिच्यासमोर ग्रेडचा तक्ता असतो, त्यापलीकडं तिला जाता येत नाही. ती "पॉलिसी आहे" म्हणेल तेव्हा वाद घालू नकोस. "अपवादाला मंजुरी कोण देतं?" एवढंच विचार. बहुधा ते तुझे सेल्स हेड असतील. त्यांनी स्वतः टूर केलेत, रस्ता त्यांना माहीत आहे, आणि तू फिरलीस तरच त्यांचं टार्गेट पूर्ण होतं. त्यांना सांग: "सर, मला गाडीतून कमवायचं नाही आणि पदरचंही घालायचं नाही. मी हिशेब केलाय, तुम्ही एकदा बघा." मग कागद पुढं कर आणि गप्प बस. ते वाचत असताना बोलायचं नाही. तुझी सवय मला माहीत आहे, शांतता झाली की तू स्वतःच आकडा खाली आणतेस.

त्यांनी नाहीच म्हटलं तर कंपनीची गाडी माग. लीजवर देतात, पण मुदतीआधी नोकरी सोडली तर काय भरावं लागेल ते आधी वाच. तेही नसेल तर रत्नागिरी जिल्हा दुसऱ्याकडे द्या म्हण, रनिंग कमी होईल. "सहा महिन्यांनी बघू" म्हणाले तर तारीख आणि किलोमीटरचा आकडा ईमेलवर घे. आणि हे सगळं होईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनामा द्यायचा नाही, शोरूममध्ये बुकिंगही करायचं नाही. लाल रंग आवडलाय ते तुझ्या आईनं सांगितलं मला. तो रंग पुढच्या आठवड्यातही असेल.

बुधवारी डीलरला फोन करून खरं रनिंग काढ, माझे आकडे खोडून तुझे घाल, आणि ईमेलचा मसुदा गुरुवारी रात्री जेवणाआधी मला पाठव. मी जागा आहे.

तुझा,
काका