अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीला पहिल्यांदाच जाताय?

अटलांटाहून जेमतेम अडीच तास, तेव्हा जाच. फक्त बर्मिंगहॅम, सेल्मा, माँटगोमेरी एका दिवसात उरकायचा बेत मोडा. नवखे इथेच फसतात.

- आधी वास्तुरचनाकार माया लिन यांचं १९८९चं नागरी हक्क स्मारक. काळ्या ग्रॅनाइटवर कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यातल्या, १९५४ ते १९६८ मधल्या हुतात्म्यांची नावं, वरून संथ वाहणारं पाणी. हात लावा, चालतं; त्यासाठीच तर ते तसं घडवलंय. लोक पाच मिनिटांत फोटो काढून निघतात. तुम्ही नावं वाचा.
- लिंचिंगच्या (जमावाने केलेल्या हत्यांच्या) बळींचं २०१८चं स्मारक वेगळं. आठशेहून जास्त पोलादी स्तंभ. तासभर पुरत नाही. कुठल्या वारी बंद, ते आधी बघा.
- अलाबामात घड्याळ अटलांटापेक्षा तासभर मागे. आम्ही दार उघडायच्या आधीच हजर!

सेल्माचा पूल (१९६५च्या नागरी हक्क मोर्चाचा) दुसऱ्या दिवशी, आणि गाडीतून नको, चालत.