भरदुपारी शुक्र दिसतो का?

प्रश्न : दुपारी चारच्या सुमारास चंद्राची बारीक कोर पाहत असताना तिच्याजवळ सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला. तो हलत नव्हता, म्हणून विमान नसावे. पण क्षणभर नजर काढली आणि तो पुन्हा सापडलाच नाही. दिवसा ग्रह दिसू शकतो का, आणि दिसत असल्यास तो कसा शोधावा?

उत्तर : आपण पाहिलेला ठिपका बहुधा शुक्रच होता, आणि त्याचा दाखला आपल्याच पत्रातल्या चंद्रकोरीत आहे. पृथ्वीवरून पाहताना शुक्र सूर्यापासून ४७ अंशांहून फार दूर कधीच जात नाही, आणि एक तिथी म्हणजे सूर्य-चंद्रांमधले १२ अंशांचे अंतर. त्यामुळे चंद्र शुक्राशेजारी येतो तेव्हा तो कोरीच्याच रूपात असतो. शुक्र सूर्यापासून बराच दूर असला तर ही भेट संध्याकाळच्या आकाशात शुद्ध चतुर्थीच्या आणि पहाटेच्या आकाशात वद्य द्वादशीच्या आसपास होते.

शुक्राच्या ढगांवर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग परावर्तित होतो, म्हणून त्याची प्रत (तेजाचे माप; आकडा जितका उणे, तितके तेज अधिक) −४च्या आसपास असते आणि अंतर्युतीच्या, म्हणजे शुक्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधे येतो त्या वेळेच्या, सुमारे पाच आठवडे आधी व नंतर ती −४.५च्याही पुढे जाते. १७१६ साली लंडनमध्ये लोकांना शुक्र दिवसाढवळ्या दिसला, तेव्हा खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी तो नेमका केव्हा सर्वाधिक तेजस्वी असतो याचे गणित मांडले होते.

तरीही तो सापडत नाही, याचे कारण तेजापेक्षा आपल्या नजरेत अधिक आहे. निळ्या आकाशात टेकायला काहीच नसले की डोळ्याचे भिंग आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावते आणि दूरचा बारीक बिंदू धूसर होऊन निळाईत विरघळतो. कोरीकडे पाहताना आपली नजर दूरवर स्थिर झाली होती, म्हणून तो ठिपका दिसला. ती ढळली आणि ठिपका हरवला. पुन्हा शोधताना आधी कोरीकडे किंवा दूरच्या ढगाच्या कडेकडे काही क्षण पाहावे आणि मग नजर हळूच सरकवावी. चंद्रबिंबाची रुंदी अर्धा अंश असते. शुक्र अशा किती बिंबांइतका दूर आहे हे आधी ठाऊक असेल तर काम फार सोपे होते.

चंद्र जवळ नसेल तेव्हा मला स्वतःला एकच रीत खात्रीची वाटते. शुक्र पहाटे दिसत असेल त्या दिवसांत गच्चीच्या कठड्याला डोके टेकून त्याला एखाद्या खांबाच्या टोकाशी धरावे आणि तो वर सरकेल तसतसे आपणही थोडे सरकत राहावे. तांबडे फुटते, इतर तारे एकेक करून मावळतात, सूर्य उगवतो, आणि तो पांढरा कण खांबाच्या टोकाशी तसाच असतो. मी पहिल्यांदा त्याला असे धरून ठेवले तेव्हा, इतकी ठळक वस्तू इतकी वर्षे आपल्याला कशी दिसली नाही, याचेच नवल वाटले होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागेवरून पाहिल्यास तो जवळजवळ तिथेच सापडतो.

गुरूची प्रत फार तर −२.९ असल्याने तो भरदुपारी नुसत्या डोळ्यांनी मिळण्याची आशा धरू नये. मात्र तो सूर्यापासून सुमारे ९० अंशांवर असताना, सूर्य क्षितिजालगत असेल तेव्हा प्रयत्न जरूर करावा, कारण आकाशाच्या त्या भागातला प्रकाश सर्वाधिक ध्रुवित असतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत असतात, आणि असा प्रकाश अडवणारी ध्रुवक काच (पोलरायझर) फिरवून तो भाग बराच गडद करता येतो.

दुर्बिणीबद्दल मात्र मी आग्रहाने सांगेन. दुर्बिणीतून सूर्य क्षणभर दिसला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून ती दुपारनंतरच, पश्चिमेकडच्या उंच भिंतीच्या सावलीत पूर्ण आत उभे राहून वापरावी. तिथे सूर्य भिंतीमागे अधिकाधिक खाली जातो, आणि संध्याकाळचा शुक्र त्याच्या मागून येत असल्याने भिंतीच्या वर मोकळ्या आकाशात राहतो. सकाळी हाच सूर्य भिंतीआडून वर येत असतो, त्यामुळे त्या वेळी नुसत्या डोळ्यांनीच पाहावे.