वाचकांचे प्रश्न : आयकर विवरणपत्र

प्रश्न : वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली. दोन्ही कंपन्यांनी कर कापून फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) दिला, तरी रिटर्न भरताना आणखी कर का निघतो?

उत्तर : दोन्ही कंपन्यांनी हिशेब शून्यापासून मांडला म्हणून. नव्या करप्रणालीतली ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि खालचे स्लॅब (उत्पन्नाचे कमी दराचे टप्पे) दोघांनीही धरले. तुम्हाला ते वर्षातून एकदाच मिळतात. दोन्ही पगार एकत्र करा, त्यात बचत खात्याचं आणि मुदत ठेवीचं व्याज मिळवा. बँकेने १० टक्के कर कापला म्हणजे ठेवीचा विषय मिटला असं समजू नका. स्लॅब ३० टक्क्यांचा असेल तर फरक तुम्हालाच भरायचा आहे. उरलेला कर आयकर खात्याच्या पोर्टलवर ‘ई-पे टॅक्स’मधून भरा. इथे हमखास चूक होते ती वर्षाची : २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी कर निर्धारण वर्ष २०२६-२७ निवडायचं. मग चलनावरचा बीएसआर कोड (बँक शाखेचा क्रमांक), तारीख आणि चलन क्रमांक रिटर्नमध्ये आले आहेत ना, ते पाहा. पुढच्या वेळी नव्या कंपनीला आधीच्या पगाराचा तपशील रुजू होतानाच द्या.

प्रश्न : रिटर्न भरलं, रिफंड आला नाही.

उत्तर : आधी ई-व्हेरिफिकेशन, म्हणजे रिटर्नची ऑनलाइन पडताळणी, झालंय का बघा. आधार ओटीपीने दोन मिनिटांचं काम, पण मुदत ३० दिवसांची. ती चुकली तर पडताळणीचा दिवस हीच भरल्याची तारीख धरतात आणि विलंब शुल्क लागू शकतं. बँक खातंही पोर्टलवर प्रमाणित असायला हवं.