वाचकांचे प्रश्न : बदलापूर-अंबरनाथला राहून पैसे न खर्चता काय काय करता येतं?

पावसाळ्यापासून आमच्याकडे बदलापूर, अंबरनाथ आणि वांगणीच्या वाचकांचे एकाच तऱ्हेचे प्रश्न येत आहेत. डोंगर खिडकीतून दिसतो, पण रविवार जातो तो दुकानांत. इथे तिकीट न लागणाऱ्या गोष्टी भरपूर आहेत, फक्त प्रत्येकीचा महिना आणि वेळ ठरलेली आहे. ती चुकली तर एक तर काही दिसत नाही, नाही तर जिवावर बेतू शकतं. निवडक प्रश्नांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मुलं नऊ आणि बारा वर्षांची आहेत. मॉलमध्ये गेलं की हजार रुपये कधी गेले ते कळत नाही. अर्धा दिवस त्यांना बाहेर काढायचं तर सुरुवात कुठून करावी? (बदलापूर पश्चिम)

अंबरनाथच्या शिवमंदिरापासून. बदलापूरहून मुंबईच्या दिशेचा लोकलचा पास असेल तर तुमचा जाण्यायेण्याचा खर्चही शून्य, मुलांची तिकिटं तेवढी काढा. अंबरनाथ पूर्वेला उतरून चालत अर्धा तास पुरतो. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे आणि प्रवेशाला तिकीट नाही.

बहुतेक लोक आल्या आल्या थेट आत जातात, दर्शन घेतात आणि दहा मिनिटांत बाहेर पडतात. तुम्ही उलटं करा. आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा आणि नजर फक्त खालच्या थरांवर ठेवा. हत्तींची रांग दिसेल, तिला गजथर म्हणतात. मुलांच्या हातात वही-पेन्सिल द्या आणि एकमेकांहून वेगळे असे पाच हत्ती काढायला सांगा. सोंड कुठे वळली आहे, पाय कसा उचलला आहे, हे चित्र काढताना डोळ्यांत भरतं, फोटो काढताना निसटतं. दुसऱ्या फेरीत नजर वर न्या. भिंत सपाट नाही, ती कोनाकोनांनी आत-बाहेर होते. त्यामुळे एकाच वेळी एका कोनावर ऊन असतं आणि शेजारच्यावर सावली. शिखरावर उभे पट्टे आणि त्यांच्यामध्ये छोट्या छोट्या शिखरांच्या ओळी आहेत. ही मंदिरबांधणीच्या भूमिज शैलीची खूण. महाराष्ट्रातल्या भूमिज मंदिरांत हे सर्वांत जुन्यांपैकी आहे.

मंदिराचा शिलालेख उत्तरेकडच्या दारावर आतल्या बाजूला आहे. त्यातलं वर्ष शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. राजा शिलाहार घराण्यातला मुम्मुणी. झिजलेल्या अक्षरांमुळे हा आकडा आधी ७८२ असा वाचला गेला होता, म्हणजे मंदिर दोनशे वर्षं जास्त जुनं ठरत होतं. बारा वर्षांच्या मुलाला ही गोष्ट हमखास आवडते. एका अंकाने केवढा फरक पडतो ते त्याला वजाबाकी करून काढू द्या.

मग आत. सभामंडपातून गाभाऱ्यात जायला वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं. पायऱ्या ओल्या आणि गुळगुळीत असतात, मुलांचा हात धरा. खाली पोचल्यावर वर बघा. शिखराचा माथा नाही, गाभारा आभाळाला उघडा आहे. भर दुपारी गेलात तर वरून आलेलं ऊन खालपर्यंत पोचताना दिसतं.

वेळेचं म्हणाल तर मंदिर पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे पुढची बाजू दुपारी तीननंतर उजळते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेची भिंत सर्वांत चांगली दिसते. उत्तरेच्या भिंतीवर तेव्हा थेट ऊन येत नाही. ती बघायला ढगाळ दिवस बरा. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून जा, गर्दीत भिंतीजवळ उभंही राहता येत नाही. मूर्तींना हात लावू नका, कागद ठेवून पेन्सिलही घासू नका. साडेनऊशे वर्षांचा दगड आहे, ऊन-पावसाने आधीच सुटत चालला आहे.

प्रश्न : वडील पंचाहत्तरीचे, गुडघ्यांमुळे चढ नको. डोंगराजवळ राहून त्यांना डोंगर बघायलाच मिळत नाही. (बदलापूर पूर्व)

चढायची गरजच नाही. आधी त्यांना रांग ओळखू द्या. गच्चीवरून किंवा कुठल्याही मोकळ्या जागेवरून नैर्ऋत्येकडे तोंड करा. उजव्या हाताला मलंगगड, त्याच्या डावीकडे तावलीचा रुंद डोंगर, पुढच्या धारेवर नवरा-नवरी म्हणतात ते सुळके आणि अगदी डावीकडे, जवळजवळ दक्षिणेला, चंदेरीचा उभा कातळ. त्याच्याही मागे, हवा स्वच्छ असेल तर, माथेरानचा पठारी माथा.

वेळ सकाळी सात ते नऊ. तेव्हा ऊन रांगेच्या आपल्याकडच्या अंगावर पडतं आणि कातळातल्या आडव्या पायऱ्या स्पष्ट दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांच्या त्या कडा. दुपारनंतर हीच बाजू सावलीत जाते आणि सगळं निळसर, सपाट दिसतं. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे महिने उत्तम, कारण पावसाने हवा धुतलेली असते. मार्चनंतर धुरकटपणा वाढतो.

दुसरं, लोकलची खिडकी. बदलापूरहून कर्जतकडे जाताना उजव्या हाताची जागा धरा. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत, सगळी वाट डोंगर उजवीकडेच. जोराच्या पावसानंतर उघडीप मिळाली की दोन-तीन तासांत निघा. तेव्हा कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत असतात, एक कोरडा दिवस गेला तरी निम्म्या आटतात. यासाठी तिकीट लागेल, पास बदलापूरपर्यंतचाच असेल तर वांगणीही त्याच्या हद्दीबाहेर आहे. गर्दी नको असेल तर सकाळी कर्जतकडे जा, लोंढा तेव्हा मुंबईकडे असतो.

हिवाळ्यात सकाळी उल्हास नदीच्या काठी अर्धा तास खुर्ची टाकून बसता आलं तर पक्षी आहेतच. खंड्या, वंचक आणि पाणकावळा बारा महिने, धोबी ऑक्टोबरनंतर. शेपटी सारखी वरखाली करत चालतो, त्यामुळे दुर्बीण नसली तरी ओळखू येतो.

प्रश्न : कॉलेजचे आठ मित्र आहोत. जुलैत कोंडेश्वरच्या धबधब्यावर जायचं आहे. सगळ्यांना पोहता येतं. काय काळजी घ्यावी? (अंबरनाथ)

जुलैत जाऊ नका. पोहता येण्याने इथे फारसा फरक पडत नाही, आणि ते का ते नीट समजून घ्या.

धबधब्याखालच्या कुंडात पडणारं पाणी तळाशी जाऊन परत धबधब्याकडे फिरतं. त्या फेऱ्यात सापडलेला माणूस काठाकडे हात मारत राहतो आणि पाणी त्याला कातळाकडे ओढत राहतं. शिवाय फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यात अंग नेहमीसारखं तरंगत नाही. तलावात पोहायला शिकलेल्याला हे अनुभवानेही माहीत नसतं. काठाचा कातळ शेवाळलेला असतो, त्यामुळे बरेच जण उडी न मारताच पाण्यात पडतात. मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि एकाऐवजी दोघं जातात.

तिसरं कारण दिसत नाही म्हणून सर्वांत वाईट. तुमच्या डोक्यावर ऊन असतं, पण वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. ते पाणी खाली यायला वेळ लागत नाही. कुठल्याही ओढ्याकाठी बसताना पाण्याच्या कडेचा एक दगड खूण म्हणून धरा. तो बुडू लागला, निवळ पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, यातलं काहीही एक दिसलं की सामान न आवरता वर चढा, आणि ज्या काठाला घरची वाट आहे त्याच काठाला. पलीकडे अडकलात तर पाणी ओसरेपर्यंत थांबा. गुडघाभर वाहतं पाणीही पाय उपटतं.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणांवर बंदीचे आदेश काढतं. तो मोडला की गुन्हा दाखल होऊ शकतो. बारवी धरणाच्या खालच्या पात्रालाही हेच लागू आहे. धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडतात.

आठ जणांना जायचंच असेल तर नोव्हेंबरमध्ये कोंडेश्वरच्या मंदिरापर्यंत चालत जा. पाणी कमी, वाट कोरडी. कुंडात तेव्हाही उतरू नका, खोली वरून कळत नाही.

प्रश्न : आकाशदर्शनासाठी वांगणीचं नाव ऐकतो. दुर्बीण नाही, ओळखीचं कोणी नाही. आपलं आपण जाऊन काही दिसेल का? (बदलापूर पूर्व)

भरपूर दिसेल, आणि दुर्बीण नसणं पहिल्या दोन-तीन खेपांना चांगलंच, कारण त्यामुळे आधी आकाश पाठ होतं. मुंबईचे हौशी आकाशनिरीक्षक वर्षानुवर्षं वांगणीला येतात ते लोकलने पोचता येतं आणि तरी अंधार मिळतो म्हणून. मुंबई-कल्याणचा उजेड वायव्येकडे राहतो, त्यामुळे पूर्व आणि दक्षिण बाजू चांगल्या.

दिवस अमावास्येच्या आगेमागे चार दिवसांतला. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जागा मात्र आधी दिवसा जाऊन ठरवा. शेतं खासगी आहेत, मालकाला विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, पण रात्री अचानक बॅटऱ्या घेऊन अनोळखी माणसं शेतात उतरली की गावकरी चोरच समजतात. परतीच्या गाड्यांची वेळ बघूनच निघा.

डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. एकदा मोबाइलचा पडदा बघितला की ती सगळी मिनिटं पुन्हा मोजायची. सर्वांत जास्त लोक इथेच चुकतात आणि "काही विशेष दिसलं नाही" म्हणत परततात. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद दुहेरी करून रबराने बांधा. लाल उजेडाने डोळे बिघडत नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊ-साडेनऊला पुढचा धडा करून बघा. हात ताठ पुढे धरून मूठ आवळली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. वांगणी १९ अंश अक्षांशावर आहे, म्हणून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून १९ अंशांवर, म्हणजे दोन मुठींपेक्षा किंचित खाली. तो मध्यम तेजाचा आहे, खूप तेजस्वी असतो हा गैरसमज. आता दक्षिणेकडे वळा. उंचावर सर्वांत झगझगीत तो व्याध. त्याच्यापासून सरळ खाली, किंचित उजवीकडे, साडेतीन मुठी उतरा. तिथे अगस्त्य. रात्रीच्या आकाशातला तेजात दुसऱ्या क्रमांकाचा तारा, आणि या वेळी तो दक्षिण क्षितिजापासून १८ अंशांवर असतो. म्हणजे उत्तरेला ध्रुव आणि दक्षिणेला अगस्त्य, दोन्ही जवळजवळ सारख्याच उंचीवर. उत्तर भारतात अगस्त्य क्षितिजाच्या धुरकटीत जातो, आपल्याकडे तो असा निवांत बघता येतो.

मृग ओळखता येत असेल तर बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खाली एक पुसट डाग शोधा. थेट न बघता नजर जराशी बाजूला ठेवली की तो जास्त स्पष्ट होतो. तो तेजोमेघ आहे, तिथे नवे तारे जन्मत आहेत. उल्कांसाठी १३-१४ डिसेंबरची रात्र. मिथुनेतल्या उल्का मध्यरात्रीनंतर वाढतात. चटई टाकून पाठीवर झोपा आणि कानटोपी न्या, पहाटे दव चांगलंच पडतं.

प्रश्न : चंदेरी रोज दिसतो. पहिला ट्रेक म्हणून जावं का? माथेरानही चालत गेलं तर फुकटच ना? (वांगणी)

माथेरानचं आधी. नेरळहून चालत गेलात तरी वर प्रवेशकर द्यावा लागतो.

चंदेरी पहिला नको. चिंचवलीतून निघाल्यावर झाडीत वाटा फुटतात आणि चुकणारे बहुतेक तिथेच चुकतात. त्यानंतरच्या घळीत घसारा आहे. पुढच्याच्या पायाखालून सुटलेला दगड मागच्याच्या डोक्यावर येतो, म्हणून एकाखाली एक चढायचं नाही. अनुभव नसेल तर गुहा ही शेवटची मर्यादा. वरच्या कातळटप्प्यावर दोर आणि जाणकार माणूस असल्याशिवाय जाऊ नये, पावसात तर अजिबातच नाही.

त्याआधी भिवपुरी रोडहून गार्बेटचं पठार करा. तिथे तिकीट नाही. पठारावर थांबून आल्या वाटेने परत फिरा, पुढे माथेरानला चढलात तर कर आलाच. ऑक्टोबरनंतर जा, सकाळी सहाच्या सुमाराला चालायला लागा. माणशी तीन लिटर पाणी घ्या, कारण वरचे ओढे दिवाळीनंतर आटतात. निम्मं पाणी संपलं की परत फिरायचं, माथा कितीही जवळ दिसत असो. निघण्याआधी घरी वाट आणि परतीची वेळ लिहून ठेवा. अडचण आली तर ११२ लावा, रुग्णवाहिकेसाठी १०८. घळीत रेंज जाते, धारेवर किंवा मोकळ्या पठारावर आलात की मिळते.