एका रात्रीत जीव जडेल का?

प्रश्न : लघुकादंबरी लिहितेय. बालाघाटातली धनगराची पोर वासराएवढ्या रानटी शिक्र्याला माणसाळवते. एका रात्रीत दोघांचा जीव जडतो, हे मैत्रिणीला पटत नाही. काय करू?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : मैत्रिणीचं खरं आहे. शिक्र्यासारखं शिकारी पाखरू आधी भुकेपोटी जवळ येतं, लळ्यानं नव्हे. पहिल्या रात्री ते हातावरून झेपावेल, पायातल्या चामडी पट्ट्यांना उलटं लटकून फडफडेल. पोरीनं दर वेळी त्याला अलगद वर घ्यावं. नजरेला नजर मात्र भिडवू नये, बिथरतं. तिच्यावरची नजर काढून, मान खाली घालून त्यानं हातावरचं मांस तोडलं, तो पहिला विश्वास. पुढे पिसं फुलवून एका पायावर निवांत उभं राहील. हा क्षण सावकाश लिहा, कथेचा जीव तिथंच आहे. मग हातावर वीतभर उडी, लांब दोरीवर वीस-तीस पावलं, शेवटी मोकळं. तीनेक आठवडे धरा.

पोटभर खाऊ घालून सोडलं तर लिंबावर बसून राहील, हाकेला येणार नाही. फार उपाशी ठेवलं तर मरेल. हे सगळं खऱ्या शिक्र्याचं, तो जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमचा; तुमच्या वासराएवढ्यासाठी मापं बदलून घ्या. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ससाण्याच्या शिकारीचं प्रकरण आहे, ते जरूर वाचा. खरा शिक्रा मात्र पकडू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं बंदी आहे.