हवामानबदलाच्या धास्तीने झोप उडाली आहे, कुणाकडे जाऊ?

प्रश्न : वय २७. चार महिने झाले, रात्री अडीचला जाग येते आणि हात मोबाइलकडे जातो. वितळत्या हिमनद्या, उष्णतेच्या लाटा, तापमानाचे आलेख वाचत बसते. मूल होऊ द्यावं का, यावरून नवऱ्याशी खटके उडतात. समुपदेशक म्हणाले, 'बातम्या बघू नका, सकारात्मक राहा.' मी परत गेले नाही. माझंच डोकं फिरलंय का?

उत्तर : नाही. २०२१ मध्ये 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या पाहणीत १० देशांतल्या १६ ते २५ वयाच्या १०,००० जणांपैकी ५९ टक्के हवामानबदलामुळे खूप किंवा अतिशय चिंतेत होते. पण भीती रास्त असली, तरी चार महिन्यांचं जागरण अंगावर काढू नका.

आधी चिंता किती आहे ते मोजा. त्यासाठीच्या 'जीएडी-७' प्रश्नावलीत गेल्या २ आठवड्यांबद्दल ७ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त आली तर तज्ज्ञांची वेळ घ्या आणि तो कागद सोबत न्या. थायरॉईडही तपासा, ती ग्रंथी जास्त काम करत असली की धडधड होते, अशीच झोप उडते. जगणंच नको वाटू लागलं, तर मात्र बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी तातडीची मदत घ्या.

आता योग्य समुपदेशक कसा शोधायचा? वेळ ठरवतानाच विचारा : 'हवामानबदलाच्या चिंतेवर तुम्ही कसं काम करता?' चिंतेवरच्या नेहमीच्या उपचारात विचारातली अतिशयोक्ती शोधतात. इथे अर्धा विचार खराच असतो, म्हणून नवखा समुपदेशक गडबडतो आणि कोरडा दिलासा देतो. जाणकार माणूस 'तापमान वाढतंय' ही वस्तुस्थिती आणि 'माझं मूल होरपळणारच' हे भाकीत वेगळं काढतो. पहिलीशी वाद घालत नाही. भीती खोडून न काढता तिच्यासकट जगायला शिकवणारी 'एसीटी' (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) पद्धत येते का, तेही विचारा. सूर जुळतो का, हे तीन-चार भेटींत कळतं. हवामानबदलाच्या भीतीवर एकत्र बसून बोलणाऱ्या 'क्लायमेट कॅफे' नावाच्या गटांत मन मोकळं होतं, पण तो उपचार नव्हे.

तोवर मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर. गजराची सबब नको, साधं घड्याळ आणा. संध्याकाळी २० मिनिटं ठरवून काळजी करा, तीही कागदावर. रात्री विचार आला की त्याला उद्याची वेळ द्या. बराच वेळ झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा. अंथरुणात तळमळत पडलं की मेंदू अंथरुणाचीच सांगड जागरणाशी घालतो.

मुलाचा निर्णय झोप परत येईपर्यंत पुढे ढकला, आणि तसं नवऱ्याला आजच सांगा. एका भेटीला त्यांनाही सोबत न्या.