आधी हेडर, मग बाकी सगळं

अंबडच्या कारखान्यातल्या तुझ्या सर्व्हरची डिस्क खराब व्हायला लागली आहे, आणि ती लक्सने (लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) कुलूपबंद आहे. पण सर्व्हर अजून चालू आहे आणि फाइली उघडतायत ना? मग घाईने रीस्टार्ट करू नकोस. डिस्क उघडणारी किल्ली सध्या मेमरीत आहे. एकदा बंद केलास की डिस्क पुन्हा उघडेलच असं नाही.

आत्ताच्या आत्ता क्रिप्टसेटअप या साधनाच्या लक्सहेडरबॅकअप या कमांडने हेडर, म्हणजे कुलपाची माहिती ठेवणारा डिस्कच्या सुरुवातीचा भाग, पेनड्राइव्हवर घे. लक्स २ चं हेडर साधारण १६ एमबीचं, काम क्षणाचं. पण त्यातल्या कीस्लॉटचा (पासवर्डने उघडणारी किल्ली ठेवलेली जागा) एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कचा छोटा तुकडा, गेला, तर पासवर्ड तोंडपाठ असूनही उपयोग शून्य. त्यानंतर हिशेबाच्या फाइली बाहेर काढ, सिनेमे-फोटो राहू देत.

एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारं साधन, अजिबात चालवायचं नाही. ते डिस्कवर लिहितं, आणि अशा डिस्कवर लिहिणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

मग डिस्क काढून डीडीरेस्क्यूने (खराब डिस्कची प्रत काढणारं साधन) मोठ्या नव्या डिस्कवर प्रत घे, एन्क्रिप्टेड आहे तशीच. कमांडमध्ये आधी जुनी डिस्क, मग नवी; सिरियल नंबर दोनदा पडताळ, इथे उलटंसुलटं झालं तर सगळं संपलं. मॅपफाइल, म्हणजे कुठवर वाचून झालं याची नोंद, द्यायचीच. अंबडला वीज गेली तरी थांबलं तिथून काम पुढे सुरू होतं. पहिल्या फेरीत ‘-एन’ लाव, खराब जागा खरवडत बसू नकोस. पासवर्ड नेहमी प्रतीवरच टाकायचा.

डिस्क टकटक करायला लागली तर मात्र तिथल्या तिथे वीज काढ. क्लीन रूम (डिस्क उघडायची धूळमुक्त खोली) असलेल्या जाणकाराकडेच ती ने, आणि हेडरची फाइल सोबत असू दे.